कडू दुधाचे गायरान

हैदराबादेत चिक्कडपल्लीच्या पदपथावर कुणी गाजरगवत तुडवले, की त्या उग्र वासाने मला मूसी नदीकाठचे गायरान आठवते. शेजारच्या गवळणबाईंच्या म्हशी तिथे चरत. त्या वर्षी गाजरगवत माजले आणि दूध इतके कडू झाले की बाईंची गिऱ्हाइके तुटू लागली. माझ्या संतप्त पत्रांनंतर पालिका कार्यालयाने गवत उपटण्याचा आदेश काढला, पण धाडले ते गवत कापण्याचे यंत्र! झाडे पांढऱ्या फुलांवर आलेली. कापली असती तर बी गायरानभर उधळले असते आणि बुडख्यांना पुन्हा फुटवे आले असते. मी यंत्रासमोर उभा राहिलो. "अरे चाचा, बाजू हटो, मेरेकू काम करनेका है," चालक वैतागला. "आदेश मुळासकट उपटण्याचा आहे. कापण्याचा असेल तर दाखवा!" मी गरजलो. "वकीलसाब, नुसत्या कागदानं गवत उपटत नाही हो," म्हणत बाई पदर खोचून वाकल्या. मीही हातमोजे चढवले; शेवटी चालकही उतरला. ओल्या मातीतून मुळे सरसर निघत होती. पुढे एका सकाळी बाईंनी दुधाचा पेला पुढे केला, "घ्या, आता ह्याची तक्रार लिहा." दूध गोड होते. माझ्या लेखणीला शब्द न सुचल्याचा अभिमान मला आजवर तेवढ्या एकाच सकाळी वाटला आहे.