पाय उचलला होता

भिवंडीतल्या टेमघरच्या धम्मदिनाला गाडी चालवायला शिकवलं ते तिच्या वडिलांनी. सुताच्या गोण्या वाहणारा त्यांचा एक टेम्पो होता. पोरीला हौस होती, म्हणून त्यांनी तिला स्टिअरिंगवर बसवलं. गल्ली हसली. पुढे लग्न झालं, दोन मुली शाळेत जायला लागल्या आणि तीच धम्मदिना मानकोलीच्या गोदामांत कामाला जाणाऱ्या बायकांची गाडी चालवू लागली. तेव्हा हसणाऱ्यांपैकीच काहींनी आपल्या सुनांना तिच्याकडे शिकायला पाठवलं. खड्ड्यांतून आणि ट्रेलरांच्या रांगांतून ती अशी गाडी काढायची की मागे बसलेल्या बाईच्या हातातला चहा हिंदकळायचा नाही. सगळे तिला दिनाताई म्हणत.

गाडी ठेकेदार रामदासशेठची होती. रोज सकाळी डोंगराखालच्या पाड्यावरून सहा बायकांना घ्यायचं, गोदामाच्या फाटकाशी सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. उन्हाळ्याच्या तोंडावर शेठने जुनी गाडी काढून पांढरी सात सीटची गाडी आणली. होती जुनीच, पण दिसायला नवीकोरी. क्लच नाही, गिअर आपोआप बदलणारे, समोर दिव्यांची झगमग. दिनाताई पहिल्या दिवशी तिच्यावर भाळलीच.

पहिल्यांदा जे झालं ते इतकं बारीक होतं की तिने ते मनावर घेतलं नाही. मानकोलीच्या नाक्यावर गाडी सिग्नलला उभी होती, पाय ब्रेकवर होता, आणि इंजिनाचा आवाज आपोआप चढला. कुणीतरी खोल श्वास घ्यावा तसा चढला आणि खाली आला. एसीमुळे असेल, तिला वाटलं.

दुसऱ्यांदा मात्र तसं म्हणता आलं नाही. पुढे वाळूचा ट्रक होता. तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला, पण गाडी मंदावली नाही. उलट पुढे ओढली गेली. समोरचे सगळे दिवे एकदम लागले, एकदम विझले आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी चालू लागली. ट्रकची मागची फळी गाडीच्या नाकापासून हातभर राहिली होती.

"ताई, गाडीच्या अंगात आलं कं काय?" मागून येसूने विचारलं. येसू पाड्यातली वयाने मोठी बाई. गोदामात खोकी बांधायला जायची, आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या तुकड्यात भात-नागली करायची.

"खड्डा होता," दिनाताई म्हणाली. खोटं बोलल्याचं तिला दिवसभर टोचत राहिलं.

सर्व्हिस सेंटरमध्ये त्यांनी गाडीला कॉम्प्युटर जोडला. इस्त्रीच्या शर्टातल्या मुलाने पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. "एकही फॉल्ट नाही, मॅडम. काही झालं असतं तर गाडीने लिहून ठेवलं असतं."

"पण झालं ना. मी पाय उचलला होता."

"मॅट अडकली असेल पेडलखाली." त्याने मॅट काढून तिच्या हातात दिली.

रामदासशेठला तेवढं पुरलं. "मशीन खोटं बोलत नाही, दिनाताई. पायाकडे लक्ष द्या जरा."

घरी नरेंद्रला सांगितलं. तो सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होता, स्वभावाने शांत. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दमतेस तू, दिना. माणसाचा पाय चुकू शकतो." तो मायेनेच बोलला होता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. त्या दिवसापासून तिला स्वतःच्या पायाचा भरवसा वाटेना. चप्पल काढून ती अनवाणी गाडी चालवू लागली, म्हणजे तळव्याला तरी कळेल आपण कुठे आहोत ते. बायका गप्पा मारायच्या आणि तिचं सगळं ध्यान उजव्या तळव्यात असायचं.

वडिलांचा टेम्पो बिघडायच्या आधी कुरकुरायचा, धूर ओकायचा, वास सोडायचा. ही गाडी गुळगुळीत चालायची. चार-चार दिवस, आठ-आठ दिवस काही नाही. आणि मग एखाद्या निवांत वळणावर इंजिन तो खोल श्वास घ्यायचं.

ऊन वाढलं तसा गाडीत एक वास येऊ लागला. बंद गाडी उघडली की ओलसर, कुजका. अत्तराची डबी ठेवली तरी जाईना. एके सकाळी सहाजणींतल्या सर्वांत लहान धाकलीचं कानातलं सीटखाली पडलं. नवऱ्याने हौसेने घेतलेलं, म्हणून ती वाकून सीटच्या पट्टीत बोटं घालून शोधू लागली. कानातलं सापडलं, पण बोटं राखाडी झाली. तिने ती येसूपुढे धरली.

येसूने चिमटीत घेऊन चोळलं, हुंगलं. "ह्यो गाळ हाय. पुराचा. पानी घरात शिरून गेल्यावर असाच राह्यतो."

बाकीच्या बायकाही वाकून सीटखाली बघू लागल्या. भिवंडीत नदी घरात शिरते हे कुणाला सांगायला लागत नाही. पण पुरात बुडलेल्या गाड्यांचं पुढे काय होतं, हा विचार त्यांतल्या कुणीच केला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी दिनाताई गाडी घेऊन कामतघरला गेली. यंत्रमागांच्या खडखडाटाला लागूनच गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा एक म्हातारा मिस्त्री होता, तिच्या वडिलांच्या ओळखीचा. त्याने पुढच्या सीटखालचं कार्पेट उचललं. खाली वाळलेल्या चिखलाचा पापुद्रा होता. मग त्याने वायरींची एक जोडणी सोडवून उजेडात धरली. पितळी टाचण्यांवर हिरवट बुरशीसारखं काहीतरी चढलेलं.

"बेटी, ये गाडी डूबी हुई है," तो म्हणाला. "ऊपर से धो दी, अंदर सड़ रही है. पेडल अब तार नहीं खींचता, कॉम्प्युटर को खबर भेजता है. खबर इन्हीं पिनों से जाती है. पिन सड़ी, तो खबर कभी गलत जाती है, कभी सही."

"पण कॉम्प्युटरमध्ये काही दिसलं नाही."

"जब देखा, तब सही जा रही होगी. आज चलेगी, कल भी चलेगी. किस दिन नहीं मानेगी, ये मैं नहीं बता सकता."

आपला पाय चुकला नव्हता, हे कळल्यावर तिला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. आपल्या भरवशावर रोज सहा बायका या डब्यात बसल्या, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे आलं.

ती तशीच रामदासशेठच्या ऑफिसात गेली. गाडी पुरात बुडलेली आहे, हे त्याने नाकारलंसुद्धा नाही.

"लिलावात घेतली. धुऊन, पुसून, तपासून घेतली. गाडी चालू आहे ना?"

"शेठ, वायरिंग सगळी बदला, नाहीतर दुसरी गाडी द्या. मी हिच्यात माणसं बसवणार नाही."

"मग चावी ठेवा. लायसनवाले खूप आहेत."

तिने चावी टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रिक्षाने पाड्यावर पोचली, तर पांढरी गाडी वडाखाली उभी, आणि स्टिअरिंगवर येसूचा पुतण्या दिनेश. आजवर त्याने वीटभट्टीचा ट्रक चालवला होता. शेठने त्याला आदल्या संध्याकाळीच बोलावून घेतलं होतं. दिनाताईने सगळ्यांना सांगितलं, लपवलेलंसुद्धा सांगितलं. येसू मागे सरकली. "मी न्हाय बसाची." पण धाकली चुळबुळत म्हणाली, "ताई, खाडा झाला तर सुपरवायझर दुसरी बाई लावतो. दुसऱ्या गाडीनं वेळेत पोचाचं न्हाय." बाकीच्याही एकेक करून चढल्या. शेवटी येसूही चढली, पोरींना एकटं सोडवेना म्हणून.

"मग मीही येते," दिनाताई म्हणाली आणि दिनेशशेजारी बसली. मागे सहाजणी दाटीने बसल्या.

त्यानंतर ती रोज बसू लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, गोदामात काम बघते आहे. दिनेशला तिने घोकून घोकून सांगितलं, गाडी सुटली तर ब्रेक एकदाच दाबायचा, जीव खाऊन, आणि सोडायचा नाही. गिअरचा दांडा न्यूट्रलला ढकलायचा. चावी फिरवायची नाही, स्टिअरिंग जड होईल. दिनेश हसून मागे बसलेल्या येसूला म्हणायचा, "काकी, ही तुझी मैत्रीण माझी परीक्षा घेते." गाडी इतकी गुणी वागत होती की येसूलाही वाटू लागलं, ताईच्या मनाने घेतलंय.

मग तो दिवस उगवला. मानकोलीच्या पुलावरून गाडी खाली उतरत होती. खाली सिग्नलला ट्रेलरची रांग, बाजूने सायकलवाले, पायी चाललेली माणसं. दिनेशने पाय उचलला. दिनाताईने तो उचललेला पाहिला, तिचं लक्ष रोज तिथेच असायचं. आणि इंजिन ओरडलं.

दिनेशने ब्रेक दाबला. गाडी नाक खाली घालून थरथरली, पण थांबली नाही. घाबरून त्याने ब्रेक सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. दर वेळी ब्रेक दगडासारखा आणखी कडक झाला. मागून किंकाळ्या. "सोडू नको!" दिनाताई ओरडली आणि दोन्ही हातांनी दांडा पुढे ढकलला. इंजिन मोकळं सुटून पिसाळल्यासारखं कर्कश किंचाळलं, पण चाकांची ओढ तुटली. तिने स्टिअरिंग आपल्याकडे खेचलं. गाडी रस्त्याच्या कडेच्या खडीच्या ढिगावर चढली, एका अंगाला कलली आणि अडकली. इंजिन तसंच किंचाळत होतं. मग कुणी हात न लावता ते आपोआप खाली आलं आणि मंद, गोड आवाजात चालत राहिलं.

सगळ्या वाचल्या. दिनेशचं मनगट मोडलं. धाकलीच्या गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि तो हात पुढे कधीच पूर्ण वर गेला नाही. गोदामातलं काम तिथेच संपलं. दिनाताईच्या कपाळाला टाके पडले, ते नरेंद्रच्याच दवाखान्यात. टाके घालून होईपर्यंत तो तिचा हात धरून उभा होता. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाला, "मी तुझ्या पायावर शंका घेतली."

गाडीची तपासणी झाली तेव्हा ती मुद्दाम हजर राहिली. आरटीओच्या साहेबांनी गाडी सुरू केली, पुढे घेतली, मागे घेतली. सगळं ठीक. तिने हट्टाने कार्पेट उचलायला लावलं. गाळ त्यांनीही पाहिला, नोंदवून घेतला. पण अपघात गाळामुळेच झाला असं त्यांना म्हणता येईना. कॉम्प्युटर अजूनही म्हणत होता, एकही फॉल्ट नाही. कामतघरचा मिस्त्री साक्षीला आला, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं. शेवटी चालकाचा ताबा सुटला असंच ठरलं.

येसूने मात्र पाड्यातल्या एकाही बाईला रामदासशेठच्या गाडीत पुन्हा पाय ठेवू दिला नाही. बायकांनी मिळून गोदामाच्या मॅनेजरला गाठलं, धाकलीचा हात दाखवला. ठेका दुसऱ्याला गेला, आणि नव्या ठेकेदाराने दिनाताईला कामावर घेतलं. पहिल्या दिवशीच तिने गाडीचं कार्पेट उचलून पाहिलं. खाली स्वच्छ पत्रा होता. तरीही तिचा डावा हात दांड्यावरून हलला नाही.

पाऊस संपल्यावरची गोष्ट. महामार्गावरच्या पेट्रोल पंपावर ती रांगेत उभी होती. पुढे एक पांढरी गाडी होती. नवा रंग, नवे सीटकव्हर, मागच्या काचेत मुलांचे चेहरे. नंबर तोच होता, रामदासशेठच्या गाडीचा. ती उतरली, चालकाच्या काचेशी गेली. तिच्याच वयाचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता, शेजारी बायको.

"दादा, ही गाडी पुरात बुडलेली आहे. मी चालवली आहे. वायरिंग बघून घ्या, पोरं आहेत."

त्याने तिच्या कपाळावरच्या वणाकडे पाहिलं, मग बायकोकडे. "ताई, कालच सर्व्हिसिंग करून घेतलं," तो सौम्यपणे म्हणाला. "कॉम्प्युटर लावून. काही नाही निघालं."

"दांडा न्यूट्रलला..." ती सांगू लागली, पण मागून हॉर्न वाजले. एसी जाऊ नये म्हणून त्याने काच वर घेतली. मागच्या सीटवरच्या मुलीने तिला हात केला. गाडी अलगद पंपाबाहेर पडली आणि महामार्गाच्या उताराला लागली.