शिवलिंगअप्पा आणि माझी काळी तीन

लॅपटॉप उघडण्यापूर्वी शिवलिंगअप्पा त्याच्या झाकणावर विभूतीचे तीन पट्टे ओढत, मग स्वतःच्या कपाळावर. ती विभूती फटींतून आत जायची. नांदेडचा दुरुस्तीवाला वैतागायचा, "अप्पा, आत नुसती राख हाय." अप्पा त्याला शांतपणे सुधारत, "राख न्हाई, विभूती हाय. हळू काढा."

देगलूरला त्यांचं कापडाचं दुकान होतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मागच्या खोलीत, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये माईक उभा करून ते माझी भजनं रेकॉर्ड करत. कापड आवाज पितं, असं त्यांचं म्हणणं. मी निवृत्त मास्तर. गळा बरा, आणि गळ्याचा गर्व जरा जास्तच. कार्यक्रमालाही आम्ही दोघंच जायचो. तबला, टाळ, तंबोरा, पेटी, सगळं लॅपटॉपमधून यायचं. "माझे साजिंदे लई गुणी. कधी रुसत न्हाईत," अप्पा सांगत.

मी काळी तीनमध्ये गातो, हे सूत्रसंचालकाला मी आवर्जून सांगायला लावी. पेटीवरची ती उंच पट्टी साठी उलटलेल्या पुरुषाला सहज पेलत नाही. अप्पा मान हलवत, "हाव, गुरुजींचा गळा म्हंजे गळा."

एका श्रावणी सोमवारी शिरूर अनंतपाळजवळच्या गावात कार्यक्रम होता. अप्पांनी पट्टे ओढले, लॅपटॉप उघडला आणि तो तापून बंदच पडला. देवळातली पेटी आणली. वाजवायला तिथलेच जंगम स्वामी बसले. त्यांनी पट्टी विचारली. "काळी तीन," मी माईकवरूनच सांगितलं. पहिली ओळ निभावली. दुसरी वर चढली आणि आवाज फाटला. पुन्हा घेतली, पुन्हा फाटला. बायकांनी तोंडाला पदर लावले. तेव्हा अप्पा उठले, स्वामींच्या कानाशी लागले आणि पेटीवर बोट ठेवून दाखवलं. काळी दोन. पुढचं भजन सुरळीत झालं.

परतताना गाडीत मी विचारलं, "माझी पट्टी तुम्हाला कशी ठाऊक?"

"मीच खाली घेऊन राहिलो ना, गुरुजी. एक कळ दाबली की समदी वाद्यं अर्धा सूर उतरतात. चार वर्षांत तीनदा दाबली."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुमी गायचं सोडलं असतं."

खरं होतं, म्हणूनच राग आला. चार वर्षं मी काळी तीन मिरवत होतो आणि ती नाही हे एकट्या अप्पांना ठाऊक होतं. मी गाणं बंद केलं. अप्पा दर सोमवारी मोबाईलवर नव्या भजनाचं संगीत पाठवत आणि खाली लिहीत, "पट्टी तुमी सांगा." मी एकदाही उत्तर दिलं नाही. तो माझा कोतेपणा होता, आणि मला तो तेव्हाही कळत होता.

संक्रांतीनंतर अप्पा अचानक गेले. समाधी देण्याआधी, लिंगायतांच्या रीतीप्रमाणे, दुकानासमोर त्यांना हार घालून बसवलं होतं. गावातली भजनी मंडळी जमली. पेटीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, काळी तीनच ना?"

पाच महिन्यांत मी एक सूर लावलेला नव्हता. आता गुपचूप कळ दाबणारंही कोणी नव्हतं. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "नाही. पांढरी दोन."

अप्पांनी ठेवली होती, त्याहून अर्धा सूर खाली. आणि गायलो.