तळहाताखालची ओळ

आयर्लंडमधल्या ल्यूकनला आमच्या शेजारी लेकीकडे राहणारे हे गृहस्थ तेलुगूतले कथालेखक. पुढे सिनेमेही लिहिले. निर्मात्याला गोष्ट वाचून दाखवायची नाही, सगळी पात्रं करून ऐकवायची, ही त्यांची धंद्यातली सवय. फिरायला गेलो की मोडक्या हिंदीत मलाही ऐकवत. त्यांचा खलनायक असा गरजायचा की कुत्री फिरवणारी आयरिश माणसं रस्ता बदलायची. मग ऐन रंगात थांबून म्हणायचे, "इंटरव्हल! चलो, चाय."

एका रविवारी त्यांनी आम्हाला बोलावून टीव्हीवर स्वतःचा सिनेमा लावला. नातीला तेलुगू कळत नाही, म्हणून खाली इंग्रजी सबटायटल्स. थिएटरात ज्याच्यावर शिट्ट्या पडायच्या, तो आईचा संवाद आला. ती पडद्यावर बोलत राहिली, हे सोफ्यावर ओठांतल्या ओठांत तिच्यासोबत. खाली उमटलं एवढंच : 'कम होम, सन.'

ते उठले आणि त्या ओळीवर तळहात ठेवून उभे राहिले.

"ताता, हात काढ ना," नात तिच्या आयरिश इंग्रजीत म्हणाली, "मला काहीच कळत नाहीये."

त्यांनी हात काढला. नंतर सिनेमा संपेपर्यंत त्यांचे ओठ हलले नाहीत.