दुसऱ्या माइकवरची बाई

आदिलाबादजवळ, जैनथकडच्या आमच्या गावात पत्र्याचं एक ख्रिस्ती प्रार्थना मंदिर आहे. तिथे माइक दोन. पहिला पाळक देवदानम यांचा, दुसरा सुनयनाबाईंचा. पाळक तेलुगूत एक वाक्य बोलून थांबतात, सुनयनाबाई ते मराठीत सांगतात, मग पाळकांचं पुढचं वाक्य. सतरंजीवर बसलेली निम्म्याहून जास्त माणसं मराठी. कापसात राबणारी, भाजी पिकवणारी. बाजारापुरती तेलुगू त्यांना येते. देवापुरती येत नाही.

दुभाष्याची एक रीत असते. पाळकांचा आवाज चढला की आपलाही चढवायचा, त्यांनी हात वर केला की आपणही करायचा. मधे आपलं काही घालायचं नाही आणि त्यांचं काही गाळायचं नाही. सुनयनाबाईंनी ही रीत कितीतरी वर्षं पाळली. त्या सरकारी मराठी शाळेत शिक्षिका. त्यांचे वडील यशवंतराव या मंदिराच्या पहिल्या कुटुंबांतले, त्यामुळे लहानपणापासून त्यांना वचनं पाठ. दुसरा माइक त्यांच्याकडे आपसूक आला.

नवरा अमर किडनीच्या आजाराने गेला, त्याला आता सहा वर्षं होतील. शेवटच्या आठवड्यात घर प्रार्थना करणाऱ्यांनी भरलेलं असायचं. माती देऊन परतल्यावर एका नातेवाईक बाईने चहाचा कप पुढे करत म्हटलं, "कोणाचा तरी इश्वास कमी पडला असंल बाई." कोणाचा ते ती बोलली नाही, पण ओसरीवरच्या सगळ्या माना सुनयनाबाईंकडे वळल्या. तो चहा त्यांनी घेतला. नंतर मोरीत ओकून टाकला.

विश्वास त्यांच्यातून काही आदळआपट करून गेला नाही. घरातलं माणूस कधी उठून बाहेर गेलं ते कळू नये, आणि नंतर दार नुसतं लोटलेलं दिसावं, तसं झालं. तो परत येईल म्हणून दाराला कडी लावायचंही त्यांच्या जिवावर यायचं.

रविवारी सकाळी मुलांच्या वर्गात त्या मोकळ्या असत. एकदा एका पोराने विचारलं, "टीचर, अमर सर आता कुठं हायेत?"

"ठाऊक नाई, बाप्पा."

"बायबलात असंल ना?"

"बायबलात हाय. मले ठाऊक नाई."

मुलांना यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना माहीत नसलेल्या गोष्टींची सवय असते. पण तासाभराने दुसऱ्या माइकपाशी उभं राहिलं की सुनयनाबाईंना सगळंच ठाऊक असे. स्वर्ग, नरक, कोण वाचणार, कोण जळणार. पाणी पाळकांचं, मी नुसता नळ, असं त्या स्वतःला सांगत.

हे फार दिवस चाललं असतं. पण एका रविवारी पाळक कंटाळलेले होते, वाक्यं कोरडी पडत होती. सुनयनाबाईंच्या तोंडून ती आपोआप ओली होऊन निघू लागली. पाळक म्हणाले, देव दुःखितांना आधार देतो. सुनयनाबाई म्हणाल्या, "लेकरू पडलं की माय जशी हातातलं काम टाकून धावते, तसा तो धावते." म्हातारा फकिरा हुंदके देऊन रडला. प्रार्थना संपल्यावर त्याने त्यांचे हात धरले.

"टीचर, पाळकाचं मले काई समजत नाई. तुमच्या तोंडून आयकलं की पटते."

त्या मंदिरामागे गेल्या आणि थुंकल्या. तरी चव गेली नाही. माइकच्या स्पंजाला वर्षानुवर्षांच्या थुंकीचा, खोबरेल तेलाचा आंबट वास होता. तो वास त्या दिवसापासून त्यांना घरीही येऊ लागला, पदराला, हातांना, भाताला. धावणारी माय त्यांनी कुठून आणली होती? अमरसाठी तर कोणी धावलं नव्हतं. त्यांनी ती बनवली होती, आणि ती चांगली बनली होती, याचीच त्यांना जास्त किळस आली.

भाजी पिकवणारी विमलबाई या मंदिरात येऊ लागली ती तिच्या मुलीपायी. मंजुषाला फिट येत. आदिलाबादच्या सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या सुरू झाल्यापासून येत नव्हत्या, पण लग्नानंतर सासरी कळू नये म्हणून तिने दोन दिवस गोळ्या चुकवल्या आणि फिट येऊन चुलीपाशी पडली. नवरा प्रवीण बोथ गावात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने तिला माहेरी आणून सोडलं. "गोळ्याची बाई आमच्या घरी नको. गोळी बंद झाली की घेऊन जातो." विमलबाईने मग देव्हारे धुंडाळले, दर्ग्यावर जाऊन आली, आणि शेवटी मेथीची जुडी घेऊन पाळकांच्या दारात उभी राहिली. जिथे बरं होईल ते दार आपलं, असा तिचा सरळ हिशेब.

डिसेंबरातल्या मोठ्या सभेच्या आदल्या दिवशी पाळक देवदानम सुनयनाबाईंच्या घरी आले. खुर्चीवर पाय पसरून बसले, पाणी प्याले. उद्या बाहेरगावचे पाहुणे येणार, मोबाइलवरून सगळं दूरवर दिसणार, आणि मंजुषा तिच्या गोळ्या टेबलावर ठेवणार, असं त्यांनी सांगितलं.

"तिचा नवराही येतोय," ते म्हणाले. "तुम्ही जरा जोर लावून सांगा, टीचर. तुमच्या मराठीत ताकद आहे."

"अय्यगारू, डॉक्टरांनी गोळ्या बंद करायला सांगितलंय का?"

"मोठा डॉक्टर सांगतोय."

"तिला परत फिट आली तर?"

पाळक हसले. ओठांच्या कडांना पानाची लाली सुकली होती. "तुम्ही फक्त सांगा. विश्वास ठेवायचं काम माझं. तुमचा विश्वास अमरच्या वेळेसच गेला, मला काय दिसत नाही? मी कधी तुमचा माइक काढून घेतला का?"

सुनयनाबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांना वाटत होतं, आपलं हे लपलेलं आहे. लपवल्याची लाज तरी आपली स्वतःची आहे. आता कळलं, तीसुद्धा नव्हती. या माणसाला सगळं ठाऊक होतं आणि त्याने ते वापरलं होतं, घरातली तडा गेलेली बादली वापरावी तसं. पाळक गेल्यावर त्यांनी पाण्याचा तो पेला राखेने घासला. पुन्हा घासला.

संध्याकाळी त्या विमलबाईच्या वाडीत गेल्या. मायलेकी बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होत्या.

"विमलबाई, उद्या गोळ्या ठेवू नको देऊ पोरीला."

विमलबाईचा हात थांबला नाही. "काऊन?"

"धोका हाय. फिट आली तं जीव जाईन."

"व माय!" विमलबाई खळखळून हसली. "आयतवारी माइकावर कोण सांगते वो, येशूच्या नावानं आंधळे पाहून राह्यले, लंगडे चालून राह्यले मनून? तुमीच ना? आता घरी येऊन उलट्या फिरता?"

"ते मी पाळकाचं सांगते."

"आमी कुठं पाळकाचं आयकतो? आमी तुमचं आयकतो."

मंजुषाने मान वर केली, सुनयनाबाईंकडे पाहिलं आणि पुन्हा सुतळी गुंडाळू लागली. तिच्या कपाळावर चुलीपाशी पडल्याचा डाग होता, भाजलेल्या पापडासारखा.

दुसऱ्या दिवशी पत्र्याखाली माणसं मावत नव्हती. की-बोर्डवाल्याने आवाज इतका वाढवला होता की छातीत धडधड व्हावी. पुढच्या टेबलावर स्टीलच्या ताटात प्रार्थनेचं तेल ओतलेलं. प्रवीण आत बसला नाही. दाराबाहेर गाडीला टेकून, हाताची घडी घालून पाहत राहिला.

मंजुषा पुढे आली. तिने पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढली आणि पाळकांनी खुणावलं तशी त्या तेलात ठेवली. तेल पाकिटांच्या घड्यांत शिरलं. बायका टाळ्या वाजवू लागल्या.

पाळकांनी तिला गुडघ्यांवर बसवलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तेलुगूत म्हणाले: आजपासून या मुलीला औषध नाही. यापुढे जिभेवर ठेवलेली प्रत्येक गोळी म्हणजे देवाच्या तोंडावर थुंकणं.

आणि ते थांबले.

मराठी तयार होती. हेच भयंकर होतं. वाक्य सुनयनाबाईंच्या तोंडात येऊन बसलं होतं, गरम आणि नेमकं, विमलबाईच्या थेट काळजात जाईल असं. चावलेल्या घासात अळी लागावी तसं ते त्यांना लागलं. गिळता येईना, थुंकता येईना. स्पंजाचा वास नाकात होता.

"चेप्पंडी, टीचर," पाळक हसत म्हणाले. सांगा.

लोक वाट पाहत होते.

"चेप्पंडी."

"पाळकांनी आता जे म्हटलं, ते मी सांगणार नाही," सुनयनाबाई मराठीत म्हणाल्या. त्यांचा आवाज शाळेत हजेरी घेतात तसा होता, न चढलेला. "मंजुषा, गोळ्या बंद करायला कोण्या डॉक्टरनं सांगितलं नाई. खात राह्यजो. देव बरं करते का नाई, मले ठाऊक नाई. इथं उभी राहून ठाऊक हाय मनून सांगत होती, ते—"

माइकचा लाल दिवा विझला. की-बोर्डवाल्याने बटण फिरवलं होतं. त्यांचं पुढचं वाक्य पहिल्या ओळीपर्यंतही पोचलं नाही.

पाळक हसले आणि पहिल्या माइकवर तेलुगूत बोलत सुटले. दुभाष्याशिवाय. सैतान शिकलेल्यांच्या तोंडून कसा बोलतो ते सांगू लागले. आवाज चढला, उतरला, थांबला.

"आमेन!" सतरंजीवरून आवाज आला.

पाळक पुन्हा बोलले, पुन्हा थांबले.

"आमेन!"

सुनयनाबाईंनी समोर पाहिलं. तेलुगूचं एक वाक्य न समजणारे ते सगळे, डोळे मिटून, बरोबर जागेवर आमेन म्हणत होते. फकिराचा आवाज सगळ्यांत मोठा. म्हणजे त्यांच्या मराठीची गरजच नव्हती. इतकी वर्षं त्या स्वतःला दोष देत होत्या की हे खोटं आपल्यामुळे चालतं. तोही एक अहंकार निघाला. ते कशानेही चाललं असतं. एखाद्या रिकाम्या डब्यावर काठी मारली असती तरी. त्या विझलेला माइक स्टँडवर अडकवून भिंतीकडेने दाराकडे निघाल्या. कुणी त्यांना वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही.

त्या दारापाशी पोचल्या तेव्हा मागे गलका झाला. मंजुषा उठली होती. ती टेबलापाशी गेली, तेलात बोटं घालून तिने पाकिटं उचलली.

"बस ना वो!" विमलबाईने तिचा पदर ओढला. "तुहा नवरा पाहून राह्यला!"

"पाहू दे."

पाळक माइकवरून तिला नावाने हाका मारत होते. ती थांबली नाही. पायऱ्या उतरून प्रवीणसमोर उभी राहिली; हातातून तेल ठिबकत होतं.

"मंग?" प्रवीण म्हणाला. "बरी झाली का नाई?"

"नाई झाली."

"आतमधी तं सारे टाळ्या वाजवून राह्यले होते."

"त्याइले वाजवू दे. गोळ्या खाते मनून उभी हावो मी. गोळ्यासकट न्यायची असंल तं ने."

प्रवीणने दारात येऊन उभ्या राहिलेल्या बायकांकडे पाहिलं, मग गाडीला किक मारली. "राहा मंग मायच्या घरी."

विमलबाई चप्पल न घालताच धावली. "जावईबापू! थांबा ना! पोरगी येडी हाय, मी समजावते तिले!" गाडी वळणापलीकडे गेली. ती धापा टाकत परतली आणि सरळ सुनयनाबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"तुमचा नवरा गेला मनून माह्या पोरीचा बी घालवला का?"

सुनयनाबाईंनी ते ऐकून घेतलं. ज्याचं उत्तर ठाऊक नाही तिथे उत्तर द्यायचं त्यांनी नुकतंच सोडलं होतं. आत पाळक थांबले असावेत, कारण आमेन ऐकू आलं. मागच्या बाजूला भोजनाच्या पातेल्यांची झाकणं उघडत होती आणि मसालेभाताचा वास तेलाच्या वासात मिसळून नको नको वाटत होता.

मंजुषाने एक पाकीट साडीच्या काठाला पुसलं. बुळबुळीत झालं होतं, कागद फाटेना. तिने तो दातांनी फाडला आणि तेल तोंडात गेलं म्हणून जमिनीवर थुंकली.

"काल पहाटपासून नाई खाल्ली," ती म्हणाली. "टीचर, पाणी हाय का?"

सुनयनाबाईंनी पिशवीतली बाटली काढून दिली. मंजुषाने गोळी जिभेवर ठेवली आणि सगळ्यांसमोर, दारातल्या बायकांकडे पाहत, दोन घोट पाणी प्यायली. विमलबाई बघत होती. तिने तोंड फिरवलं, पदराने डोळे पुसले, पण मुलीचा हात धरला नाही.