तिची दुपार

निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात छोटासा कार्यक्रम झाला. शाल, पुष्पगुच्छ, समोसे. साहेबांनी भाषणात सांगितलं, "आता छंद जोपासा आणि कुटुंबाला वेळ द्या." प्रत्येकाच्या निरोपाला हे वाक्य असतं. इतरांच्या निरोपासाठी तसं भाषण मीच साहेबांना लिहून देत असे. तरी ते मला उद्देशून ऐकल्यावर मी मनावर घेतलं. मोठ्या माणसाने सांगितलं की करायचं, ही माझी शाळेपासूनची सवय.

शाळा रामटेककडच्या एका लहान गावातली. घरात माझ्याआधी कोणी दहावीपर्यंतही पोचलं नव्हतं. आईवडील दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धानाची रोवणी करायचे. आमच्या वर्गशिक्षकांनी मला वेळापत्रक करायला शिकवलं. कोऱ्या कागदावर पट्टीने रेघा मारायच्या, दिवसाचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात एक विषय लिहायचा आणि कागद भिंतीला लावायचा. घरात टेबल नव्हतं, दिवे यायचे-जायचे, पण भिंतीवर वेळापत्रक होतं. त्याच्या आधाराने मी दहावी झालो, नागपूरच्या वसतिगृहात राहून पदवीधर झालो, सरकारी नोकरीला लागलो. त्या गुरुजींचे उपकार मी आजही मानतो. पुढे जे झालं त्याचा दोष मी वेळापत्रकाला देत नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच सकाळी मी कागद घेऊन बसलो. सकाळच्या चौकोनात लिहिलं: फिरणे. त्याच्या पुढच्यात: चित्रकला. शाळेत असताना चित्रकलेच्या परीक्षेत मला वरची श्रेणी मिळाली होती. पण चित्रं काढून पोट भरत नाही हे घरात सगळ्यांना दिसत होतं, मलाही. रंग तेव्हापासून राहिलेच होते. संध्याकाळी वाचन. आणि जेवणानंतरपासून संध्याकाळच्या चहापर्यंत जो सगळ्यांत मोठा चौकोन उरला, त्यात मी ठळक अक्षरात लिहिलं: कुटुंब.

मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. म्हणजे कुटुंब म्हणजे बायको. ती पोळ्या लाटत होती, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि कागद वाचू लागली.

"हे काय होय?"

"आजपासून असं चालायचं. हा मोठा डब्बा तुझा."

ती हसली. "मले शाळेत टाकलं काय या वयात?" मग पुन्हा वाचून म्हणाली, "दुपारीच काहून पण?"

"सकाळी तुले काम असते, संध्याकाळी स्वयंपाक. दुपारी तू मोकळीच असते न."

तव्यावरची पोळी जळत होती, ती आत गेली.

नोकरीच्या सगळ्या वर्षांत दुपारचं घर मी जवळजवळ पाहिलंच नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघायचो तो दिवेलागणीला परत. रविवारी असायचो, पण रविवारी जेवून झोपायचो. दिवाणाखाली विहारातल्या महिला मंडळाची बाजाची पेटी असते, हे मला ठाऊक होतं. बायको ती वाजवते, हेही ठाऊक होतं. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की बायका पांढऱ्या साड्यांत बसून गाणी म्हणत, आणि पेटीवर ती असे. मला त्याचा अभिमान होता. कोणी कौतुक केलं की मी म्हणायचो, "आमच्या घरी कलेची आवड आहे." महिन्यातून एकदा ती पेटी वाजवते, अशी माझी समजूत. महिन्यातून एकदा वाजवणाऱ्याचा हात असा कसा फिरतो, हा प्रश्न मला पडला नाही.

मी वेळापत्रक मनापासून पाळलं. मे महिन्यात बाहेर पडणं शक्य नव्हतं, म्हणून कूलर लावून मधल्या खोलीत मी तिला वर्तमानपत्रातले लेख वाचून दाखवायचो. खिडकीजवळ उजेड चांगला, म्हणून दिवाण तिथून सरकवून मी माझा चित्राचा बोर्ड आणि रंग मांडले. तिला स्टुलावर बसवून तिचं चित्र काढायला घेतलं.

"जराशी हलू नको."

"अहो, दही विरजाचं राहिलं."

"नंतर. नाक झालं का उठ."

"केव्हाचं नाकच करून राहिले तुम्ही. एवढं मोठं आहे काय माझं?"

आम्ही हसायचो. मला तेव्हा खरंच वाटायचं की इतक्या वर्षांत जे दिलं नाही ते मी आता देतोय. पाऊस सुरू झाल्यावर मी तिला फुटाळ्याच्या तलावावर नेलं, अंबाझरीला नेलं. ती यायची. "कंटाळा आला काय?" विचारलं तर म्हणायची, "नाही, कंटाळा कायचा."

जूनमध्ये एका दुपारी दार वाजलं. समोरच्या घरातल्या ताई आणि मंडळाच्या आणखी तीन बायका. मी दार उघडलं, अंगात बनियन. ताई एक पाऊल मागे झाल्या.

"अरे, भाऊजी घरीच काय! येतो मंग आम्ही नंतर."

"नंतर काहून? या की. आपलंच घर आहे."

त्या आल्या. मी खुर्च्या आणल्या, स्वतः चहा केला. त्यांनी पेटी काढली, एक गाणं सुरू केलं. मी स्वयंपाकघरात किंवा बाहेर थांबायला हवं होतं. पण दुपार कुटुंबाची होती, म्हणून मीही बसलो. दुसऱ्या कडव्यात एक शब्द चुकीचा म्हटला जात होता. मी थांबवून तो दुरुस्त केला, आणि त्या कडव्याचा अर्थही समजावून सांगितला. बायका मान हलवत ऐकत राहिल्या. एकीने घड्याळाकडे पाहिलं. पेटीच्या पट्ट्यांवर बायकोची बोटं तशीच ठेवलेली होती, भाता थांबलेला. नंतर अजून एक गाणं झालं आणि त्या उठल्या. "खूप माहिती आहे बापा भाऊजीले," दारात ताई म्हणाल्या. मला ते कौतुक वाटलं.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. वर्षावास, म्हणजे विहारातले पावसाळ्याचे तीन महिने, जवळ आलाय, तिथेच जमत असतील, असं मी धरून चाललो.

आषाढ पौर्णिमेच्या आधी ताई एका तरुण बाईला घेऊन ई-रिक्षाने आल्या. पेटी न्यायची होती. ती तरुण बाई आमच्याच वस्तीत नवी लग्न होऊन आलेली, माहेरी पेटी शिकलेली. "इच्या घरी राहील आता पेटी," ताई म्हणाल्या. बायकोने दिवाणाखालून ती ओढून काढली आणि पदराने पुसली. एक पट्टी जरा दबून राहते, ती कशी उचलायची ते तिने त्या मुलीला दाखवलं. पेटी जड. बायकांना उचलताना पाहून मी पुढे झालो, दोन्ही हातांनी ती उचलली, रिक्षापर्यंत नेली, सीटवर नीट ठेवली आणि हात झटकत मोठ्याने म्हणालो, "चला! माझ्या रंगाच्या डब्यांले जागा झाली."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. बायको फाटकात उभी होती. रिक्षा वळेपर्यंत ती तिथेच होती. मी त्या दिवशी खरंच दिवाणाखाली रंगाचे डबे लावले.

वर्षावास संपल्यावर आश्विन पौर्णिमेला विहारात कार्यक्रम होता. मी पुढच्या रांगेत जाऊन बसलो. पेटीवर ती तरुण बाई होती. बायको मागे, टाळ्या देणाऱ्या बायकांत. मला वाटलं, एखादं गाणं झालं की बदलतील. बदललं नाही. कार्यक्रम संपल्यावर खीर वाटत होते, तिथे मी ताईंना गाठलं.

"काहून ताई, आज हिले बसवलं नाही पेटीवर?"

ताईंनी द्रोण माझ्या हातात दिला. "घ्या. तुम्हीच तं सुटी दिली न तिले, भाऊजी."

"मी?"

"मंग कोण? पेटीले रोजची दुपार लागते. ते तं तुम्ही घेतली." आणि मग आवाज जरा खाली आणून, "राग नका मानू. दोन वाजले का तुमच्या घरून पेटी सुरू होये. मी भांडे घासत ऐको. पोरं लहान होते तेव्हापासून. तुमच्या घरी जमो आम्ही सगळ्या. रविवारी तेवढी बंद राहे. भाऊजी झोपले म्हणे."

खीर खाल्ली की नाही ते आठवत नाही. सगळ्या गल्लीला जे वर्षानुवर्षं ऐकू येत होतं, ते फक्त मला माहीत नव्हतं. मी ज्या घराचा कर्ता, त्याच घरात रोज दुपारी एक मैफल भरायची आणि मी यायच्या आत उठून जायची. दिवाण जागेवर, पेटी दिवाणाखाली, चहाचं आधण गॅसवर. आणि निवृत्तीनंतर मी तिला भेट म्हणून नेमका तोच वेळ दिला जो तिचाच होता.

घरी आल्यावर विचारलं. ती पांढरी साडी घडी करत होती.

"सांगितलं काहून नाही मले?"

"काय सांगायचं त्यात. तुम्ही एवढ्या हौसेनं लिहून लावलं होतं भिंतीले."

"पण एकदा म्हणायचं न."

"म्हटलं असतं तं तुम्ही उठून दुसऱ्या खोलीत बसले असते. मंग मीच म्हणत बसली असती, याहिले आपल्या घरात बसाले जागा नाही." साडीची घडी तिने कपाटात ठेवली. "बरे गेले न दिवस. फुटाळा पाहिला मी. नाही तं कधी पाहिला असता?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी दुसऱ्याच दिवशी वेळापत्रक भिंतीवरून काढून टाकलं. इतवारीच्या बाजारातून एक पेटी आणली. दुकानदाराने काही गाणी वाजवून दाखवली, मला त्यातलं काही कळलं नाही, पण आणली. दिवाण खिडकीपाशी परत सरकवला. आणि जेवण झालं की पायात चपला घालून बाहेर पडू लागलो. वाचनालय दुपारी बंद असतं हे तिथे गेल्यावर समजलं, म्हणून बगिच्यात बाकावर बसायचो. ऑक्टोबरचं ऊन. झाडाची सावली सरकली की मी पण सरकायचो. आता तिची बोटं पट्ट्यांवर फिरत असतील, बायका आल्या असतील, असं मनात आणून मला बरं वाटायचं. चहाच्या वेळेला घरी यायचो आणि कसं झालं ते विचारायचो नाही. तेवढं मी आता शिकलो होतो.

काही आठवड्यांनी ताई फाटकात भेटल्या. "भाऊजी, नवी पेटी आणली म्हणता. वाजत तं नाही."

"रोज वाजते न दुपारी?"

"कुठं वाजते! मी समोरच आहे. तुमची बाई दारात खुर्ची टाकून बसून राहते."

त्या दिवशी मी बगिच्यात न जाता परत घरी आलो आणि बायकोला स्पष्ट विचारलं. ती चिडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला इतकी चिडलेली क्वचितच पाहिली होती.

"तुम्ही तिकडं उन्हात बसले, अन् मी इथं सूर धरू काय? ध्यान तुमच्यापाशी राहते माझं. गोळी घेतली का नाही, चक्कर तं नाही आली. ऑफिसात होते तं काळजी नव्हती. तिथं पंखा होता, चहा होता, चार माणसं होते."

"मग मी घरात राहतो. मागच्या खोलीत. आवाजही नाही करणार."

"अन् तुम्ही मागच्या खोलीत आवाज न करता बसून राहिले हे मले माहीत नसते काय?" तिने दारातली खुर्ची आत ओढली. "तेव्हा कोणाले विचारून नव्हती बसत मी. मनात आलं का बसो. आता तुम्ही चपला घातल्या का मले वाटते, चला बाई, बसा आता, वाजवा. तसं नाही वाजवता येत."

मी म्हणालो, मी ताईंशी बोलतो, मंडळात पुन्हा तुला पेटीवर बसवतील.

"त्या पोरीचा हात आता बसला. चांगली वाजवते. तिले उठवू काय मी?"

मी आयुष्यात जे मिळवलं ते आखून, ठरवून, वेळेवर हजर राहून मिळवलं. त्या रीतीने माझं भलं केलं, म्हणून मला वाटलं होतं की प्रेमही तसंच करता येईल. ज्या बाईने माझा डबा वर्षानुवर्षं वेळेवर दिला, तिला वेळ देताना तिच्याकडे आधीच काय आहे हे एकदा विचारावं, एवढं साधं मला सुचलं नाही.

हल्ली दुपारी काही ठरलेलं नसतं. मी सकाळी थोडी चित्रं काढतो. दुपारी कधी झोपतो, कधी बँकेचं काम काढून बाहेर जातो. बगिच्यात बसत नाही.

मागच्या थंडीत एकदा बँकेतून लवकर परत आलो. गल्लीच्या वळणावर पेटी ऐकू आली. पहिल्यांदा वाटलं दुसऱ्या कोणाच्या घरची. जवळ आलो तर आमचीच. ती एकटीच वाजवत होती, गात नव्हती. एक ओळ परत परत घेत होती, मध्ये चुकत होती, पुन्हा मागे जाऊन उचलत होती. मी फाटकाबाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. हाताला वाजवण्याची सवय राहिली नव्हती, हे मलासुद्धा कळत होतं. तरी मला तिथून हलावंसं वाटेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिची दुपार ऐकत होतो.

समोरच्या गच्चीवर ताई कपडे काढायला आल्या. त्यांनी मला पाहिलं.

"काहून भाऊजी, बाहेरच उभे? किल्ली नेली नाही काय?"

मी हाताने थांबा म्हणून खूण केली, पण आवाज आत पोचला होता. ओळ मध्येच थांबली. दिवाण सरकल्याचा आवाज आला, मग दार उघडलं.

"आले काय? या. चहा ठेवते."

"ठेव नंतर. चालू दे न तुझं."

"झालं माझं," ती म्हणाली आणि आत गेली. गॅस पेटवल्याचा आवाज आला. मी चपला काढून दिवाणावर बसलो. ती कोणतं गाणं वाजवत होती, ते मला ओळखता आलं नव्हतं. ताईंना आलं असतं.