पुलगावी बांधलेले जहाज

विघ्नांचे हरण करणाऱ्या श्रीगजाननाला प्रथम वंदन. त्यानंतर जलाचा स्वामी जो वरुण, त्याला. कारण ज्या वस्तूविषयी लिहावयास बसलो आहे ती त्याच्या राज्यातील आहे, आणि मी त्या राज्याच्या सीमेवरही कधी उभा राहिलेलो नाही. आज आमच्या अंगणात तुळशीचे लग्न लागले. उसाचा मांडव अजून उभा आहे. देवघराशेजारच्या फडताळात, काचेच्या आड, एक मालवाहू जहाज ठेवलेले आहे. प्लास्टिकचे, हातभर लांबीचे. ते मी बांधले. का बांधले, आणि मोडल्यावर पुन्हा का बांधले, ते आठवते आहे तोवर लिहून ठेवावे, एवढेच या लेखनाचे निमित्त.

माझे आयुष्य संस्कृत शिकण्यात आणि पुढे पुलगावच्या शाळेत ते शिकवण्यात गेले. हातांनी मी पोथीची पाने उलटली, फुले वेचली, गंध उगाळले; याहून सूक्ष्म काम त्यांना ठाऊक नव्हते. आमच्या मुलीची मुलगी मात्र निराळ्या मार्गाने गेली. ती मालवाहू जहाजावर अधिकारी झाली आणि गेल्या ज्येष्ठात पहिल्या प्रवासाला निघाली. समुद्रयानाविषयी जुन्या ग्रंथांत काय लिहिले आहे ते मी जाणतो. काळ पाहून त्यांतले काय मिटवून ठेवावे तेही जाणतो. मी तिला आशीर्वाद दिला.

माझ्या पत्नीनेही दिला. पण ज्या दिवशी मुलगी गेली त्याच दिवशी संध्याकाळी देवापुढे हात जोडून ती म्हणाली, "पोरगी कुठं निजते थे मले दिसत नाई, तोवर मी रातचं जेवन नाई करनार."

आमच्या घरामागून लोहमार्ग जातो. कोळशाच्या, कंटेनरांच्या लांबच लांब मालगाड्या दिवसभर जात असतात. मी तिची समजूत घालण्यासाठी म्हणालो, "अगं, जहाज म्हणजे पाण्यावरची मालगाडीच समज."

"मालगाडी थांबली त मानूस खाली उतरते," ती म्हणाली. "पोरगी कुठं उतरन?"

मी नातीला निरोप पाठवला की आजीला तुझी खोली दाखव.

नातीने भ्रमणध्वनीवरून आपल्या खोलीची हलती चित्रे पाठवली. पलंग, टेबल, गोल कडांची खिडकी. पत्नीने ती पाहिली आणि उपकरण माझ्या हातात परत ठेवले. "हे काचेतलं मले समजत नाई. यात आत कोनतं अन् बाहेर कोनतं?" ती रोहणा गावच्या शेतकरी घरातली. कापूस चांगला की नाही हे तिचे वडील डोळ्यांनी नव्हे, बोटांनी ठरवीत. तिलाही बोटांखाली आल्याशिवाय काही खरे वाटत नाही.

तिला मधुमेह आहे. रात्रीची गोळी उपाशीपोटी चालत नाही, म्हणून ती कपभर दूध घेऊन गोळी घेई. श्रावणात एका सकाळी तुळशीला पाणी घालताना तिला चक्कर आली आणि ती ओट्याला धरून खाली बसली. वैद्यकीय तपासणी झाली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितले की रात्री पोटात अन्न गेलेच पाहिजे. पण देवापुढे उच्चारलेला संकल्प मोड, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगणार? जन्मभर मीच लोकांना संकल्पाचे पाणी सोडायला लावले. संकल्प मोडता येत नसेल तर तो पूर्ण करावा, हाच एक मार्ग उरला. मी नातीला विचारले, तुझ्या जहाजासारखे लहान जहाज कोठे मिळते का? तिने तसाच संच मागवून दिला. कुरिअरवाला खोके ठेवून गेला.

खोक्यात जहाज नव्हते. जहाजाचे तुकडे होते, डाळिंबाच्या दाण्यांसारखे चौकटींना चिकटलेले. सोबत एक पत्रक, त्यावर शब्द नव्हते, केवळ आकृत्या. जन्मभर शब्दांवर जगलेल्या मनुष्याला ती मोठीच परीक्षा होती. मी प्रातःपूजा आटोपून ओसरीवर पाट मांडीत असे आणि ऊन चढेपर्यंत काम करीत असे. तुकडा चौकटीपासून पात्याने सोडवावा, कडा कानशीने घासाव्या, दोन कडांमध्ये पातळ द्रव कुंचल्याने सोडावा आणि बोटांनी धरून राहावे. तो द्रव डिंकासारखा चिकटवीत नाही. तो दोन्ही कडा किंचित विरघळवून एक करतो. हे कळल्यावर मला त्या कामाविषयी आदर वाटू लागला.

श्रावणाच्या दमट हवेत रंग दुधाळ पडे. तो घासून काढून पुन्हा द्यावा लागे. जहाजाचा जो भाग पाण्याखाली असतो तो तांबडा, वरचा काळा. मधली रेघ सरळ यावी म्हणून कागदी पट्टी चिकटवायची आणि रंग वाळल्यावर श्वास रोखून सोडवायची. जहाजाच्या कुशीवर एक वर्तुळ असते आणि त्याला छेदणारी आडवी रेघ. पाणी त्या रेघेपर्यंत आले की आणखी भार घालायचा नाही, असा तिचा अर्थ. तो मी पत्नीला सांगितला.

"आपल्या बंडीले असं गोल काढलं असतं, त बैलं दुवा देत राह्यले असते," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी ती हसली होती.

शेजारी कापडाचे दुकान असलेले शेठजी रोज दुकान उघडण्यापूर्वी ओसरीपाशी थांबत. "गुरुजी, जहाज तं बांधून राह्यले, पन पुलगावातून नेसान कसं? ट्रॅक्टरवर?"

"आपल्या नदीत सोडू," मी म्हणे.

"उन्हाळ्यात सोडू नका. गुडघाभर पान्यात अडकन, अन् सारं गाव ढकलाले येईन."

नातीची खोली कोणती, हे मी तिला विचारून ठेवले होते. जहाजाच्या मागच्या टोकाला पांढरी, मजल्यामजल्यांची इमारत असते. त्यात माणसे राहतात. उजव्या बाजूला, सुकाणूघराच्या खालच्या मजल्यावर, चार खिडक्यांतली पुढून तिसरी. त्या खिडकीवर पत्नीचे बोट ठेवायचे, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप होता. आश्विन लागेपर्यंत इमारत उभी राहिली. शिड्या, क्रेन, नौका असे किरकोळ भाग तेवढे चौकटीवर राहिले होते. पोरीची खोली मागच्या इमारतीत आहे, विजयादशमीला तिची खिडकी दाखवतो, असे मी पत्नीला सांगून ठेवले होते.

खंडेनवमीला आम्ही नेहमीप्रमाणे आयुधे पुजली. विळी, कोयता, शिलाईयंत्र. मी माझी कानस, पाते, चिमटा आणि कुंचले धुऊन पाटावर मांडले. पत्नीने मला न विचारता जहाजही आणले आणि पाटावर ठेवले. मागचे टोक समईकडे केले. "पोरीच्या खोलीवर देवाचा उजेड पडू दे," ती म्हणाली. तिने हळदीकुंकू वाहिले, फूल ठेवले. मी मंत्र म्हणत होतो. ज्योत आणि जहाज यांत किती अंतर आहे, हे दोघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही. आम्ही देवळात आरतीला गेलो.

परत आलो तेव्हा पांढरी इमारत पिकलेल्या केळ्यासारखी एका अंगाला लवली होती. सुकाणूघर खाली बसले होते. खिडक्यांची रांग ओघळून एकमेकींत मिसळली होती. तिसरी कोणती, हे सांगता येत नव्हते.

पत्नीने पेटीतून नवे खणाचे कापड काढले आणि जहाजावर पांघरले. "खंडित झालं," ती म्हणाली. "नदीत सोडून या. अन् आता मले काई दाखवू नका." त्या रात्री तिने दूधही घेतले नाही.

दूध नाही, म्हणजे गोळीही नाही. मी समईची वात सारीत बसलो आणि भंगलेल्या मूर्तीविषयीचे नियम मनात उलगडीत राहिलो. भंगलेली मूर्ती पुजू नये, ती जलात विसर्जित करावी, हे खरे. पण उत्सवाच्या रथाचे चाक मोडले म्हणून कोणी रथ नदीत सोडल्याचे मी ऐकलेले नाही. सुताराला बोलावतात, नवे चाक बसवतात, आणि त्याच रथात देव बसतो. पालखीचा दांडाही असाच बदलतात.

सकाळी मी तिला हे सांगितले. "मूर्ती वेगळी आणि वाहन वेगळे. आपण पूजा मूर्तीची केली नाही, वाहनाची केली. वाहन मोडले तर दुरुस्त करणे हेच शास्त्र आहे."

तिने कणीक मळता मळता माझ्याकडे पाहिले. "तुमचं शास्त्र तुमच्यापाशी. मले खिडकी पाहिजे. तीबी जिथं होती तिथंच. इकडची तिकडं केली त मले समजते."

"तिथेच करीन."

"मंग करा." आणि तिने गोळीपुरते दूध घेतले.

आरंभी मला वाटले, गरम पाण्यात धरून वाकलेला भाग सरळ होईल. तो तडकला. मग मी बारीक करवतीने ती सारी इमारतच कापून काढली. वर्ध्याला बसने जाऊन पाट्या बनवणाऱ्या दुकानातून पातळ पांढरी प्लास्टिकची शीट आणली. ती निराळ्या जातीची निघाली. द्रव तिला धरीना. शेठजींनी आपल्या दुकानातील एक मोडका सूचनाफलक दिला, त्याची शीट धरली. नातीकडून जहाजाची बाहेरून काढलेली चित्रे मागवली आणि त्यांवरून मजले आखले, भिंती कापल्या. खिडक्यांची छिद्रे बोटांत फिरवायच्या बारीक ड्रिलने पाडायची होती.

माझी बोटे थरथरतात. पहिल्या भिंतीत दुसरी खिडकी खाली घसरली. पुढच्या भिंतीत तिसरी वर गेली. त्यानंतरची मधोमध चिरली. शेठजी म्हणाले, "गुरुजी, थोडीशी खालीवर झाली त कोनाले समजते? वहिनीले तं चष्मा हाय." मी ती भिंतही बाजूला ठेवली. लहानपणी वेदपाठ शिकताना एक स्वर चुकला की गुरुजी ओळ पुढे नेऊ देत नसत. आरंभापासून म्हणावे लागे. त्या वेळी तो जाच वाटे. या ओसरीवर त्याचे मोल कळले. चूक झाली की मी हात धुई, आचमन करी, आणि नवा तुकडा आखायला घेई. भिंत सरळ येईपर्यंत दुसरे काम घ्यायचे नाही, असे मी ठरवून टाकले होते. दिवाळीचे फराळाचे ताट माझ्याजवळ आणून ठेवावे लागले.

दिवाळी गेली आणि एके दिवशी चारही खिडक्या एका रेषेत आल्या. इमारत उभी राहिली, पांढरा रंग चढला. उरलेले भाग मी चौकटीवरून सोडवून जागच्या जागी लावले. त्यांत दोन नारिंगी नौका होत्या. चित्रात जेथे दाखवल्या होत्या तेथे, इमारतीच्या दोन्ही कुशींना, मी त्या टांगल्या आणि विसरून गेलो.

आज तुळशीच्या लग्नापूर्वी, तिन्हीसांजेला, मी जहाज तिच्यापुढे ठेवले. समई दूर होती. तिने हात पदराला पुसले. मी तिची तर्जनी धरून तिसऱ्या खिडकीवर ठेवली. "इथे."

तिने बोटाने खिडकीची कड चाचपली. मग बोट खाली सरकले आणि नारिंगी नौकेवर थांबले. "हे काय हाय?"

"जीवरक्षक नौका. जहाजावर संकट आले तर माणसे तिच्यात बसून निघतात."

"पोरीच्या खिडकीखाली?"

मला खात्री नव्हती, म्हणून मी नातीला दूरभाष लावला. योगायोगाने ती मोकळी होती.

"हो आजी, अगदी माझ्या खोलीच्या खाली," ती म्हणाली. "आम्ही सराव करतो ना. घंटा झाली की बाहेरच्या जिन्यानं उतरायचं अन् त्यात जाऊन बसायचं. वरून झाकण असते. आत पाणी असते, बिस्किटं असतात."

"बिस्किटं कोनती?"

"लय बेचव, आजी. तुह्या शंकरपाळ्यासारखी नाई."

"मंग आल्यावर घेऊन जाजो माह्या. अन् त्या बोटीत तुही जागा ठरेल हाय का?"

"ठरेल हाय. नंबर लिहिला हाय भिंतीवर."

पत्नी माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होते आणि स्वरात राग. "इतके महिने खिडकी खिडकी करून राह्यले. पोरीले उतराले जागा हाय, थे आधी काऊन नाई सांगितलं?"

त्या नौका चौकटीवर सर्वांत शेवटी राहिल्या होत्या.

लग्न लागले, अक्षता पडल्या, शेठजी उसाचे कांडे चघळत घरी गेले. त्यानंतर मी स्वयंपाकघरात पाहिले. तिने दोन पाट मांडले होते. भाकरी, वांग्याची भाजी, ताजे ताक. ती माझ्यासमोर बसली, तिने देवाला हात जोडले आणि ती जेवू लागली. मी माझ्या ताटाकडे न पाहता काही वेळ तिच्याच हाताकडे पाहत राहिलो. मग ती म्हणाली, "जेवा आता. भाकर थंडी होऊन राह्यली."

हे वाचणाऱ्या सज्जना, तुझ्या घरातील जे कोणी दूर गेले असेल, भूमीवर वा पाण्यावर, त्याच्या खिडकीखाली परतीची नौका सदैव बांधलेली राहो. त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांना निद्रा लाभो. आणि तुझ्या स्वयंपाकघरात सांजेला मांडलेला एकही पाट रिकामा न राहो, हीच त्या मंगलमूर्तीच्या आणि जलेश्वराच्या चरणी प्रार्थना.