नऊ कमळांचा दिवा

पद्मिनीला कशाची भीती वाटत नाही ते सांगा, असं तिचा नवरा दिगंबर पाहुण्यांना म्हणायचा. पाहुणे हसायचे, तीही हसायची. भूकंपाआधी मोबाइल किंचाळतो त्याची भीती होतीच, वॉर्ड ऑफिसातून आलेल्या पाकिटाचीही होती. पण या सगळ्यांच्या तळाशी एकच भीती बसलेली होती : आपण बोललेलं खरं ठरतं. मिरजेला तिची आई सांगायची, वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणत असते. वडील गेले त्या दिवशी दुपारी पद्मिनी बहिणीला फोनवर म्हणाली होती, "आता बाबांची काळजी नाही बाई." संध्याकाळी इथे जपानात, एदोगावातल्या सुपरमार्केटात, टोफूच्या फ्रीजसमोर उभी असताना, पुन्हा फोन आला, बाबा गेल्याचा. तेव्हापासून ती बोलताना शब्द जपून टाकते, शेवाळल्या पायरीवर पाय टाकावा तसा.

दिगंबरच्या कॉन्ट्रॅक्टमागोमाग ती जपानला आली. घर लावलं, भाषा शिकली, मुलगा शाळेत रमला. मग नदीच्या बांधालगतच्या वृद्धांच्या केंद्रात तिने नोकरी धरली. म्हातारी माणसं सकाळी गाडीने येतात, त्यांना आंघोळ घालायची, जेवू घालायचं, खेळवायचं आणि दुपार कलली की घरी पोचवायचं. हे काम तिला आवडायचं. तिथं भिणं हा दोष नव्हता, कारण भिणारी बाई कुणाला पडू देत नाही.

होशिना-सान गुरुवारी यायचे. उभा जन्म टॅक्सी चालवलेला माणूस, नव्वदीला टेकलेला, बायको केव्हाच वारलेली. केंद्राच्या गाडीत बसले की ड्रायव्हरच्या चुका काढायचे. अर्धांगाच्या झटक्यात उजवा हात गेला होता. डावा शाबूत होता, पण थरथरायचा. आणि त्यांना एकच खेळ हवा असायचा, माहजोंग.

चौघांचा खेळ. रमीसारखाच, फक्त पत्त्यांच्या जागी जाड, गुळगुळीत सोंगट्या. एक उचलायची, एक टाकायची, जुळवत जायचं. केंद्रात पैसे लावायचे नाहीत, सिगारेट नाही, साके नाही. पण होशिना-सानांचा हात भिंतीसारख्या रचलेल्या सोंगट्यांपाशी गेला की ती भिंतच कोसळायची. म्हणून पद्मिनी त्यांचा हात झाली. ती त्यांच्या शेजारी बसून सोंगटी उचलायची आणि पालथीच त्यांच्या डाव्या तळव्यावर ठेवायची. ते ती बोटांत धरून अंगठा खाली सरकवायचे, तिची कोरीव बाजू चाचपायचे, न बघता ओळखायचे आणि कुठली टाकायची ते सांगायचे. पुढेपुढे तिच्याही अंगठ्याला अक्षरं कळू लागली. ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

या खेळात जुळलेल्या सोंगट्यांच्या संचाला हात म्हणतात. त्यातल्या एका हाताबद्दल तिला पहिल्यांदा सांगितलं कुबो-सानांनी. पूर्वी यांचं केशकर्तनालय होतं. खेळताना हात कमी आणि तोंड जास्त चालायचं.

"च्यूरेन-पोतो," त्या म्हणाल्या. "नऊ कमळांचा दिवा. सगळ्यात देखणा हात, सगळ्यात जास्त गुण. आयुष्यभर खेळूनही लागत नाही. आणि ज्याला लागतो तो मरतो."

"मरतो म्हणजे?"

"म्हणजे मरतो. त्याला काय जपानी-भारतीय असा भेद असतो का?"

"मला लागू दे," होशिना-सान म्हणाले. "मग मरेन खुशाल."

"असं बोलू नका हो," पद्मिनी म्हणाली. तिच्या मानेवर काटा आला होता.

ते पाहून होशिना-सानांना चेव चढला. मग दर गुरुवारी खेळ सुरू होताना ते मुद्दाम म्हणायचे, "चला पादोमिनी-सान, आज मरू या." सगळे हसायचे. ती मनातल्या मनात "नाही, नाही" म्हणत राहायची.

थंडी सरत आली होती, आणि त्या गुरुवारी सोंगट्या वेगळ्याच येऊ लागल्या. पत्त्यांत रंग असतात तशा सोंगट्यांत जाती. अंकांच्या जातीची एक आली, मग त्याच जातीची आणखी एक. होशिना-सान बाकीच्या जाती एकामागून एक टाकायला सांगत होते. ती त्यांच्यासमोर ओळ नीट लावत होती आणि लावता लावता तिला दिसलं. एक तीनदा. नऊ तीनदा. मधले दोनपासून आठपर्यंत सगळे एकेक. हाच तो हात. आता या जातीची कुठलीही सोंगटी आली की दिवा लागला.

होशिना-सानांच्या कानाची पाळी लाल झाली होती. समोर कुबो-सान नातवाच्या लग्नाचं सांगत होत्या, पलीकडे ताचिनो-सान, निवृत्त पोस्टमन, डुलक्या घेत खेळत होते, चौथ्या जागेवर केंद्राचे व्यवस्थापक होते. कुणाला काही कळलं नव्हतं. टेबलावर ऊन पडलं होतं.

होशिना-सानांची पाळी आली. पद्मिनीने सोंगटी उचलली. अंगठा आपसूकच खाली गेला. तीन आडव्या रेघा, त्यांच्याखाली दाट कोरीव काम. अंकांच्या जातीतली तीन.

टोफूच्या फ्रीजमधली गार हवा अंगावर यावी तसं झालं. तळवा उघडा होता, वाट बघत होता. तिने सोंगटी त्या तळव्यावर ठेवलीच नाही. थेट टेबलाच्या मध्यात, टाकलेल्या सोंगट्यांच्या ओळीत, उताणी ठेवून दिली.

"अरेच्चा!" कुबो-सान म्हणाल्या. "आज हात डोक्याला विचारत नाही वाटतं."

होशिना-सान वाकून त्या तीन रेघांकडे बघत राहिले. त्यांनी तक्रार केली असती तर सगळ्यांनी ती परत घेऊ दिली असती, शेवटी हा केंद्रातला खेळ. पण ते म्हणाले, "टाकली ती टाकली." मग फक्त तिला ऐकू जाईल असं, "पुढची मला द्या. काहीही असली तरी."

नियम असा की हवी असलेली सोंगटी एकदा स्वतः टाकून दिली की मग दुसऱ्याने टाकलेलीवर जिंकता येत नाही. आपल्याच उचलीत यावी लागते. ताचिनो-सानांनी त्याच जातीची पाच टाकली. कुबो-सानांनी आठ टाकली. होशिना-सान त्या जाताना नुसते बघत होते. भिंत आखूड होत चालली. संपू दे, पद्मिनी म्हणत होती, देवा, संपू दे. तिने उचललेली एक सोंगटी गेली, दुसरी गेली, दोन्ही परक्या जातीच्या. तिला वाटलं, सुटलो आपण.

मग तिने आणखी एक उचलली. या वेळी तिने अंगठा लांब ठेवला, सोंगटी फक्त कडांनी धरली आणि त्यांच्या तळव्यावर ठेवली. कळूनच घ्यायचं नाही.

त्यांचा अंगठा फिरला. थांबला. परत फिरला. तळव्याची थरथर थांबली होती. त्यांनी सोंगटी मुठीत घेतली.

"त्सुमो," होशिना-सान म्हणाले. मीच उचलली, मी जिंकलो.

पण ओळ उताणी करायची ती पद्मिनीनेच. तिने दोन्ही हातांनी सोंगट्या पाडल्या. लाल-काळ्या अक्षरांची एकसंध रांग उन्हात पडली. कुबो-सानांचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. त्यांनी उठून वाकून नमस्कार केला, जसा देवळात करतात. केंद्राच्या व्यवस्थापकांनी फोटो काढला. नर्सने, कुणी न सांगताच, रक्तदाबाचं यंत्र आणलं.

"ठीक आहे," नर्स म्हणाली.

"म्हणजे आज नाही," ताचिनो-सान म्हणाले. सगळे हसले. होशिना-सान हसले नाहीत.

घरी आल्यावर पद्मिनीने मूठभर मीठ-मोहरी घेतली आणि ओट्यासमोर उभी राहिली.

"कुणाची दृष्ट काढतेस?" दिगंबरने विचारलं.

"होशिना-सानांची."

"ते इथे कुठे आहेत?"

"नाव घेऊन काढते."

"काढ, पण मोहरी जाळू नकोस. अलार्म वाजेल आणि खालचा कावाई वर येईल."

मग तिने ती न जाळता कागदात बांधली. कुठल्या कचऱ्यात टाकायची याचा विचार केला आणि जळणाऱ्या कचऱ्यात टाकली. दिगंबर म्हणाला, "अगं, तो माणूस नव्वदीचा. कधीतरी जाणारच. तेव्हा काय तू टाकलेल्या सोंगट्या मोजत बसणार?" तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आठवडाभर केंद्राचा फोन वाजला की ती आधी दुसऱ्या कुणाला घेऊ द्यायची. गुरुवारी गाडी होशिना-सानांच्या गल्लीत वळली तेव्हा ती थांबायच्या आधीच पद्मिनीने पट्टा काढला. तिने बेल दाबली. आत काहीच हललं नाही. परत दाबली. दाराशेजारी वर्तमानपत्र पेटीत तसंच अडकलेलं होतं.

मग कडी सरकली. होशिना-सान उभे होते. कोट घातलेला, मफलर, टोपी, सगळं. दाढी मात्र वाढलेली. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ओहायो गोझाइमास! चला, कुबो-सान वाट बघताहेत."

"आज खेळणार नाही," ते म्हणाले. त्यांनी पायरी उतरायला तिचा दंड धरला, आणि तो दोन्ही पाय जमिनीवर आले तरी सोडला नाही.

गाडीत त्यांनी ड्रायव्हरची एकही चूक काढली नाही. गाडी पुलावर चढली तसे म्हणाले, "हळू सांगा त्याला." गाडी हळूच होती.

"बरं वाटत नाहीये का?"

"झोप नाही." खाली नदी पसरली होती. ते तिकडे बघत नव्हते. "पादोमिनी-सान, मी थट्टा करायचो. तुम्ही घाबरायचा."

"हो ना. फार छळलंत मला."

"थट्टा नव्हती ती. बायको गेली, भाऊ गेले, बरोबरचे टॅक्सीवाले गेले. मला झटका आला, तरी मी घाबरलो नाही. का माहीत आहे? तो हात लागायचा राहिला होता. तो लागेपर्यंत मला काही होत नाही, असं मी धरून चाललो होतो. साठ वर्षं."

भिणं तिला येत होतं, पण दुसऱ्याची भीती आपल्या हातात कशी घ्यायची ते येत नव्हतं. वाईट काही बोलायचं नाही एवढंच माहीत होतं, आणि चांगलं जे सुचत होतं ते सगळं खोटं होतं. तरी ती बोलली. "काही होणार नाही तुम्हाला," तिने मोठ्याने म्हटलं. इतक्या वर्षांत असं छातीठोक ती कुणाबद्दलच बोलली नव्हती.

होशिना-सानांनी मान हलवली. विश्वास बसल्यासारखी नाही, ऐकून घेतल्यासारखी.

"पहिली तुम्ही टाकलीत," ते म्हणाले. "ती तीन. मला राग आला होता."

"माफ करा."

"माफी नको." त्यांचा डावा हात तिच्या बाहीत घट्ट रुतला होता. "मी मागितली, तरी ती शेवटची का दिलीत?"

गाडी पूल उतरली. सिग्नल पिवळा झाला होता आणि ड्रायव्हरने ब्रेक दाबला. त्या एवढ्याशा धक्क्याने दोघांनीही एकमेकांना धरलं.